आठव्या वर्षी प्लेट की बाराव्या वर्षी तार?

तिसरी-चौथीतल्या मुलाचे दात वेडेवाकडे यायला लागले की घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, सगळे पक्के दात येऊ देत, होतील सरळ. शेजारच्या विंगमधल्या मुलीला मात्र आठव्या वर्षीच प्लेट लागलेली असते, त्यामुळे आईला आपल्याला उशीर होतोय असं वाटत राहतं. मग ठाण्याच्या नौपाड्यातले एक डॉक्टर म्हणतात, "आत्ताच सुरू करू," आणि वाशीतले दुसरे म्हणतात, "बारा वर्षांचा झाला की या." आमच्या घरात दोन्ही झालं. मुलीवर लवकर उपचार केले, मुलाच्या बाबतीत थांबलो, आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न कामी आला: थांबलं तर नेमकं काय बिघडेल?

आधी दोन्हींत होतं काय ते बघू. लवकरचा उपचार साधारण सात ते दहा या वयात होतो. तेव्हा तोंडात दुधाचे आणि पक्के दात मिसळलेले असतात. काढघालीची प्लेट, टाळूला बसवून वरचा जबडा रुंद करणारा एक्स्पांडर, पडलेल्या दाताची जागा राखणारी तार, क्वचित पुढच्या चार दातांपुरत्या ब्रेसेस (दातांवर चिकटवलेली तार), असा त्याचा पसारा असतो. सहा महिने ते वर्षभरात तो आटपतो. जबड्याची वाढ नीट वळणावर आणणं आणि येणाऱ्या दातांना वाट करून देणं हे त्याचं काम. पूर्ण ब्रेसेस लागतात त्या बहुतेक पक्के दात आल्यावर, साधारण अकरा ते चौदाव्या वर्षी. त्या दीड-दोन वर्षं चालतात आणि पुढे सरळ झालेले दात जागेवर राखणारा रिटेनर वापरावा लागतो. लवकर प्लेट लावली म्हणजे पुढे ब्रेसेसची तार टळली, असं गृहीत धरू नका. बऱ्याच मुलांना दोन्ही लागतं, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यायला हवं.

जिथे थांबू नये

वरचा जबडा अरुंद असेल तर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसतात. याला क्रॉसबाइट म्हणतात. अशी मुलं तोंड मिटताना खालचा जबडा नकळत एका बाजूला सरकवतात, आणि वाढत्या वयात चेहरा त्याच बाजूला झुकत वाढू शकतो. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो. लहानपणी तो हलक्या जोराने रुंदावता येतो, पण वयात आल्यावर हळूहळू घट्ट होत जातो. मोठेपणी हेच काम करायला कधी कधी शस्त्रक्रिया लागते. म्हणून मुलीच्या बाबतीत आम्ही थांबलो नाही. एक्स्पांडरच्या स्क्रूला घरीच चावी द्यायची असते, आणि साधारणपणे एका फेरीला पाव मिलिमीटर रुंदी वाढते. काही दिवसांत पुढच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट पडते आणि घरातले हबकतात. ती फट म्हणजे सांधा उघडत असल्याची खूण, पुढे आपोआप मिटत जाते. रुंदी मिळाल्यावर मात्र नवं हाड भरेपर्यंत एक्स्पांडर काही महिने तसाच ठेवावा लागतो. "झालं ना, काढून टाका" असा आग्रह तेव्हा धरू नये.

खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील तरीही लवकर जावं. वरचा जबडा मागे राहिला असेल तर चेहऱ्यावर लावायचा, वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क दहा वर्षांच्या आत जास्त चांगलं काम करतो. एखादाच वरचा दात आत अडकून खालच्या दाताला ढकलत असेल तर त्या खालच्या दाताची हिरडी उतरू शकते. ते काम छोटं असतं, लगेच करून टाकावं. किडीमुळे दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर जागा राखणारी तार लावायची का, हे त्याच भेटीत विचारा. मागची पक्की दाढ पुढे सरकली की खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. पक्के दात आले तरी अंगठा चोखणं सुटत नसेल, तर तेही दाखवण्याचं कारण आहे.

पुढे आलेले दात: खरी ओढाताण इथे

वरचे दात खूप पुढे असलेल्या मुलांवर बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांचा सार असा की, आधी लहानपणी आणि मग किशोरवयात असा दोन टप्प्यांत उपचार केला काय, किंवा सगळा किशोरवयात एकदमच केला काय, शेवटी दात आणि जबडा जवळपास सारखेच होतात. लवकर केल्याचा ठोस फायदा एकच दिसतो: पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचा धोका कमी होतो. त्यामुळे मूल कसं आहे यावर बरंच अवलंबून आहे. ठाण्यात येऊरच्या डोंगरउतारावर सायकल दामटणारा, फुटबॉलमध्ये तोंडावर आपटणारा मुलगा असेल, ओठ मिटत नसतील आणि दात उघडेच राहत असतील, तर लवकर करण्यात अर्थ आहे. शाळेत दातांवरून चिडवतात म्हणून मूल तोंडावर हात धरून बोलत असेल, तर तेही कारण मी पूर्ण वजनाचं मानते. यातलं काहीच नसेल तर थांबावं. खालचा जबडा मागे असेल तर तो पुढे आणणारं ट्विन ब्लॉकसारखं उपकरण वाढीच्या झपाट्यात लावणं सोयीचं पडतं. हा झपाटा मुलींत साधारण दहा ते बारा आणि मुलांत बारा ते चौदा या वयात येतो. ते जेवतानाही तोंडात ठेवायचं असतं, म्हणून मुलाचं मन तयार असणं महत्त्वाचं.

जिथे थांबणंच बरं

आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पटाशीच्या दातांत फट असणं आणि ते बाहेर फाकलेले दिसणं बहुतेकदा नैसर्गिक असतं. सुळे खाली उतरले की फट मिटते. खालचे पुढचे दात थोडे दाटीवाटीने आले असतील तरी धीर धरावा. खालची शेवटची दुधाची दाढ तिच्या जागी येणाऱ्या दातापेक्षा रुंद असते, त्यामुळे ती पडल्यावर थोडी जागा मोकळी होते. ही जागा एका साध्या तारेने राखता येते. मुलाच्या बाबतीत एवढंच होतं. केवळ दिसायला बरं वाटावं म्हणून आठव्या वर्षी ब्रेसेस लावणं मला पटत नाही. बाकीचे पक्के दात अजून यायचेच असतात, आणि मुलाची सहनशक्ती पहिल्याच टप्प्यात संपते. तेराव्या वर्षी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा ते ब्रेसेसचे रबर लावायला कंटाळतं.

घर, शाळा, पैसे

प्लेट काढता येते, म्हणून ती शाळेच्या डब्याबरोबर हरवतेही. ब्रेसेस हरवत नाहीत, पण चिक्की, कणीस, ऊस, कडक चकली बंद, आणि मिसळीतलं फरसाण तारेत अडकतं ते वेगळंच. घासणं ढिलं पडलं तर ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती, पांढरे डाग पडतात आणि तार काढल्यावरही ते राहू शकतात. जे मूल रात्री सांगूनही दात घासत नाही, त्याला आधी ती सवय लावा. ब्रेसेससाठी दर चार ते सहा आठवड्यांनी जावं लागतं. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहून नवी मुंबईतल्या नेरूळचे डॉक्टर गाठायचे असतील तर हा हिशोब आधीच करा. दहावीच्या वर्षात उपचार मध्यावर येणार असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दोन टप्पे म्हणजे बहुधा दोन बिलं. पहिल्या टप्प्याची रक्कम दुसऱ्यातून वजा होणार का, रिटेनर आणि तुटलेल्या ब्रॅकेटचे पैसे वेगळे का, हे लेखी घ्या. नवी मुंबईत हा खर्च कमी करण्याची चांगली सोय आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, पण सहसा खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. कुठेही गेलात तरी बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात-जबडा सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांचं मत घ्याच.

थांबायचं ठरलं तरी तपासणी सोडू नका. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवा आणि मग सहा महिने ते वर्षाने दाखवत राहा. दहाव्या वर्षी वरच्या सुळ्यांचा उंचवटा हिरडीवर बोटाला लागतो का, हे डॉक्टरांना बघायला सांगा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. सुळा टाळूकडे वळला असेल तर कधी कधी वेळीच दुधाचा सुळा काढल्याने तो आपल्या वाटेने खाली येतो. नाहीतर पुढे हिरडी उघडून त्याला तारेने ओढून आणावं लागतं.