गार्नेट घेऊ की गोमेद? अगं, दोघं एकाच घरातले

मावसबहिणीचा परवा मेसेज आला, माझा वाढदिवस जानेवारीतला म्हणून अंगठीत गार्नेट घालायचं मनात आहे पण सासूबाई म्हणतायत गोमेद घे, बजेट एकाच खड्याचं आहे, सांग कुठला घेऊ. आता गंमत अशी की गोमेद हाही गार्नेटच. एका दुकानात काउंटरवरच्या दादांनी मला छातीठोकपणे सांगितलेलं की मॅडम दोन्हीचा काडीचा संबंध नाही, तेव्हा तिचाही गोंधळ होणारच.

गार्नेट म्हणजे एक खडा नाही, खानदान आहे. आतली रचना सगळ्यांची सारखी, फक्त धातू बदलतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम असेल तर अल्मांडाइन, म्हणजे बाजारात ज्याला तामडा म्हणतात तो लाल. लोखंडाच्या जागी कॅल्शियम आलं की ग्रॉस्युलर, आणि त्यातला मधाच्या रंगाचा, तपकिरी-केशरी तो हेसोनाइट, म्हणजेच आपला गोमेद. राहूसाठीच घ्यायचा असेल तर प्रश्नच मिटला, गोमेद घे, मी खाली लिहितेय ते फक्त दिसण्याचं आणि टिकण्याचं.

रंगात तामड्याची एक खोड आहे. छोटा असताना डाळिंबाच्या दाण्यासारखा (गार्नेट हे नावच डाळिंबाच्या लॅटिन शब्दावरून आलंय), पण खडा मोठा झाला की लाल एवढा दाट होतो की घरातल्या ट्यूबलाइटखाली चक्क काळा दिसतो. म्हणून पूर्वीचे कारागीर घुमटासारख्या तामड्याची मागची बाजू कोरून पोकळ करायचे, उजेड आत यावा म्हणून. गोमेदचं तसं नाही, मोठा घेतला तरी उजेड आरपार येतो. पण त्याच्या आत भिंगातून बघ, साखरेच्या पाकात नुकतंच पाणी ओतल्यावर जशा रेषा तरंगतात ना तसं हललेलं-हललेलं दिसतं. तो दोष नाही, ओळख आहे ती! उलट आत एकदम स्वच्छ आणि मध्येच गोल बुडबुडे दिसले तर काच असण्याची शक्यता जास्त.

मी घरी एक उद्योग केला. पातेल्यात पाणी, त्यावर थर्माकोलचा तुकडा, त्यावर खडा, आणि जवळ निओडिमियमचं, म्हणजे छोटं पण खूप जोरदार मॅग्नेट. तामडा होडीसारखा मॅग्नेटमागे निघाला, लोखंड आहे ना भरपूर. गोमेद अगदी जवळ नेल्यावर जेमतेम हलला. पोरांना लई मजा आली.

वजनाचं मात्र नीट लक्षात घे. तामड्याची घनता ४ च्या आसपास, गोमेदची साधारण ३.६५, म्हणजे दोन्ही ५ कॅरेटचे घेतले तर गोमेद घनफळाने जवळपास दहा टक्के मोठा. आणि रत्तीत भाव सांगितला तर कॅरेटमध्ये सांगा म्हण, कॅरेट म्हणजे सगळीकडे ०.२ ग्रॅम, रत्ती दुकानागणिक बदलते.

येतात कुठून म्हणशील तर चिकणमातीचा खडक जमिनीखाली दाब आणि उष्णतेने बदलला की त्यात तामडा तयार होतो, राजस्थानात टोंकजवळच्या राजमहालचा पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. गोमेदला चुनखडीसारखा कॅल्शियमवाला खडक लागतो. श्रीलंकेत तो नदीच्या जुन्या गाळातून निघतो, म्हणून दुकानदार ‘सिलोनी’ म्हणून भाव वाढवतात, ओडिशाचाही येतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात शोधू नकोस, तिथे झिओलाइट नावाची दुसरीच खनिजं मिळतील. विदर्भात मात्र मँगनीजच्या पट्ट्यात गार्नेट आहे, स्पेसार्टाइन, म्हणजे मँगनीजवालं, आणि त्या खडकाला गोंड लोकांवरून गोंडाइट असं नावच आहे, पण ते दागिन्यातलं नाही.

टिकाऊपणात दोघंही जवळपास सारखेच, कडकपणा (१ ते १० च्या मोस मापात, हिरा १०) ७ च्या आगेमागे. साध्या धुळीतल्या वाळूचाही ७, म्हणजे रोज भांडी घासताना, स्कूटी चालवताना अंगठी घातलीस तर काही वर्षांत पैलूंच्या कडा बोथट होणार. माणिक ९ आहे, पण त्याचं बजेट तू सांगितलेलं नाहीस. साइज बदलताना सोनाराला खडा काढूनच आच लावायला सांग, एकदम तापल्यावर तडकतो.

माझं विचारशील तर तामडा नकोच, त्याचाच जांभळट-गुलाबी भाऊ रोडोलाइट बघ, तो रात्रीही उजळ दिसतो. पण अंगठीपेक्षा कानातले कर. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर पेंडंटमध्ये गोमेद, लॅबच्या रिपोर्टवर ‘हेसोनाइट’ लिहिलंय का आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (खड्यात उजेड किती वाकतो त्याचा आकडा) १.७४ च्या आसपास आहे का एवढं बघ. आणि दुकानाच्या पिवळ्या लाइटखाली पसंत करू नकोस, हातात घेऊन दाराशी ये, उन्हात बघ.