कार्बनच्या पेटीत झेनॉन: कुपवाडच्या वर्कशॉपचं काम

जत्रेच्या तंबूतलं सिनेमाचं 35 एमएम मशिन असो की तालुक्याच्या गावातलं जुनं थिएटर, ज्यांच्या ठिणगीवर पडद्याचा उजेड चालायचा त्या कार्बनच्या कांड्या मिळेनाशा झाल्या की लॅम्पहाऊसला, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्याच्या पेटीला, हात घालावाच लागतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप कार्बनच्या जुन्या पेटीतच झेनॉन वायूचा दिवा बसवून देतं आणि पुढची सर्व्हिसिंगही करतं. विजेचं काम मनापासून केलेलं आहे. दरवाजा आणि हवेच्या बाबतीत मात्र कमी पडतात, आणि तिथे जिवाचा प्रश्न आहे.

आधी चांगलं. 2000 वॉटचा दिवा साधारण 25 व्होल्टवर 70 ते 80 अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) जरा जरी सैल राहिला तरी तापतो, आणि दिव्याच्या टोकाचं तापमान 230 अंशांच्या वर गेलं की सील खराब होतं. दिवा अकाली जातो आणि दोष कंपनीला लागतो. इथे लग नीट दाबून बसवतात, पितळी पकड घासून चकचकीत करतात. दिव्याचं एक टोक घट्ट धरतात, दुसरं लवचीक केबलवर मोकळं ठेवतात, म्हणजे तापून लांबी वाढली तरी काचेवर ताण येत नाही. पेटवताना इग्नायटर 20 हजार व्होल्टच्या वर झटका देतो. जुन्या बेकेलाइटवर कार्बनची काजळी असेल तर ठिणगी दिव्यात न जाता पत्र्यात उतरते. म्हणून सगळे जुने वॉशर काढून टेफ्लॉनचे घालतात. हे काम शंभर टक्के पटलं.

आरसा जुनाच ठेवतात. चालतो, पण चांदीचा आरसा सगळी उष्णता फिल्मवर फेकतो. डायक्रोइक आरसा (उजेड परतवून उष्णता आरपार सोडणारा) मागून घ्या. तो उष्णता मागे सोडतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे हवा खेळती हवी. झेनॉनचा सगळ्यात तेजस्वी ठिपका कॅथोडच्या, म्हणजे दिव्यातल्या मायनस कांडीच्या, टोकाशी असतो, आरशाचा फोकस तिथेच आणायचा.

आता उणीव. थंड दिव्यातसुद्धा आठ-दहा वातावरणांचा दाब असतो, पेटल्यावर तो जवळपास तिप्पट होतो. कार्बनच्या काळात ऑपरेटर दार उघडून कांडी सारखी करायचा. तीच सवय झेनॉनवर राहिली तर डोळे जातील, दिवा फुटला तर चेहराही जाईल. दार उघडताच सप्लाय तुटेल असा मायक्रोस्विच हवा. ब्लोअर थांबला की दिवा बंद पडेल असा हवेचा स्विचही हवा. वर्कशॉप हे दोन्ही सांगितल्याशिवाय बसवत नाही. ऑर्डर देतानाच लिहून घ्या आणि ताबा घेताना दार उघडून, ब्लोअरची वायर काढून दोन्ही तपासा.

दिव्याला डीसी करंट पुरवणाऱ्या रेक्टिफायरकडेही ते पाहत नाहीत. थ्री-फेजमधला एक डायोड गेला की करंटमधला रिपल, म्हणजे चढउतार, वाढतो, पडद्यावर उजेड थरथरतो आणि कॅथोडचं टोक झिजतं. जत्रेत जनरेटरवर हा त्रास जास्त. रिपल 5 टक्क्यांच्या आत हवा. मोजायचा तो रेक्टिफायरच्या आउटपुटला, आणि दिवा पेटल्यावरच मीटर लावायचा, नाहीतर इग्नायटरच्या झटक्यात मीटर जळतो.

दिवा बदलताना त्यांचा कारागीर गळ्यापर्यंतचा फेसशील्ड, चामडी हातमोजे आणि जाड जॅकेट घालतो, हे पाहून बरं वाटलं. बंद केल्यावर ब्लोअर दहा मिनिटं चालू ठेवतो, दिवा पूर्ण थंड झाल्यावरच हात लावतो. नव्या दिव्याचं संरक्षक कव्हर तो बसल्यावरच काढायचं, पिळायचं ते धातूच्या टोपीलाच. काचेला बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, नाहीतर तो डाग तापून काचेत कायमचा भाजला जातो. प्लस-मायनस उलटं झालं तर नवा दिवा काही सेकंदांत संपतो. करंट सुरुवातीला कमी ठेवा, उजेड उतरत जाईल तसा वाढवा, पण कंपनीच्या कमाल आकड्यापुढे नाही. आडव्या दिव्याला अर्धं आयुष्य झाल्यावर अर्धा फेरा फिरवतात, ते इथे आठवणीने करून देतात. जुना दिवा कव्हरमध्ये घालून पुरवठादाराकडेच परत पाठवा, भंगारात नको.

पुसेगाव आणि पालीच्या जत्रा डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणून पेटी दिवाळीनंतर लगेच वर्कशॉपला टाका. परत आल्यावर सलग तीन तास पेटवून बघा, थंड होऊ द्या, मग दार उघडून लग पाहा. पितळ निळसर पडलं असेल तर पेटी तंबूत न नेता थेट कुपवाडला.