रत्नागिरीतला पेजेंट ग्रूमिंग क्लास: चालायला शिका, पॅकेजच्या नादी लागू नका

साडेतीन स्टार देतेय आणि ते जवळजवळ सगळे वॉक शिकवणाऱ्या मॅमचे आहेत, दीड कशाचे कापले ते खाली येईलच. क्लासचं नाव टाकत नाही कारण गाव एवढंसं, उद्या रामआळीत समोरासमोर आलो तर तोंड कुठे लपवू. पण सौंदर्यस्पर्धेत उतरायचं डोक्यात असलेल्या बऱ्याच मुली विचारतायत की रत्नागिरीत राहून तयारी होते का, का मुंबईलाच जावं लागतं, म्हणून लिहितेय.

दोन प्रकार आहेत. एक साधा कोर्स, त्यात वॉक, इंट्रो म्हणजे स्टेजवर स्वतःची ओळख, आणि प्रश्नोत्तरं. दुसरं ते मोठं पॅकेज, त्यात हेच सगळं आणि वर पोर्टफोलिओ म्हणजे फोटोंचा संच, डाएट चार्ट, मेकअप, भाड्याचा गाऊन, आणि फी सरळ तिप्पट. रिसेप्शनवरची ताई साध्या कोर्सबद्दल बोलतच नाही, आपणच खोदून विचारायचं. मी मोठं घेतलं, मावशीने पैसे दिले, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आधी चांगलं. वॉक. मॅम पहिल्यांदा हिल्स घालूच देत नाहीत, अनवाणी भिंतीला उभं करतात, टाच, पाठ, खांदे, डोकं सगळं भिंतीला टेकवून, आणि तसंच सुटून चालायचं. मग जाड टाचेच्या ब्लॉक हिल्स आणि ते जमलं की चार इंची पेन्सिल. सुरुवातीला अख्खी बॅच पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, उतरतोय अशी चालत होती, पण मॅम कुणाला हसत नाहीत हे मला फार आवडलं. पाऊल एका रेषेत पाडायचं, वळताना पंजावर फिरायचं, आणि गाऊन हाताने उचलायचा नाही, चालता चालता पायाने घेर हलकाच पुढे ढकलायचा, नाहीतर पुढच्या पावलाला हिल त्याच्यातच अडकते. सॅश, म्हणजे नाव लिहिलेला तो तिरका पट्टा, खांद्यावरून घसरतो तो आतून पिन लावून कपड्याला टाचायची, ही असली बारीकसारीक गोष्ट व्हिडिओ बघून कळत नाही, कुणीतरी समोर उभं राहून खांद्याला हात लावून सांगावं लागतं. घरी प्रॅक्टिस गच्चीवर करा, अंगणात जांभा असेल तर तिथे अजिबात नको, दगडाच्या भोकात पेन्सिल हिल बसली की टाच तुटते नाहीतर पाय मुरगळतो. आजी माडीच्या खिडकीतून बघून रोज ओरडायची, पडशील गो बाय, काढ ते पायातलं. पण नंतर तीच सांगायला लागली की आज मान खाली जात होती.

प्रश्नोत्तरांचा भाग पण छान घेतात. मॉडेल मधु सप्रेचं उदाहरण मॅमनी दिलं, 1992 च्या मिस युनिव्हर्सला, बँकॉकला, भारताकडून गेलेली ती शेवटच्या तिघींत होती आणि देशाची प्रमुख झालीस तर काय करशील असं विचारल्यावर तिने स्टेडियम बांधीन असं काहीसं उत्तर दिलं आणि तिसरी आली. ती स्वतः खेळाडू, म्हणजे मनातलंच बोलली असणार, पण ते का हे ऐकणाऱ्याला दोन वाक्यात पटवता आलं पाहिजे. मग आम्हाला एकेकीला उभं करून प्रश्न. पर्यटन वाढलं की किनारे घाण होतात, तू काय करशील. होमस्टेमुळे गावातल्या बायकांना काय मिळालं. एकदा विचारलं आपल्या जिल्ह्यात तेलाची रिफायनरी हवी का नको, आणि अख्खा हॉल गप्प, कारण निम्म्यांच्या घरात त्याच्यावरून भांडणं झालेली. मॅम म्हणाल्या बाजू कुठलीही घे पण गुळमुळीत बोलू नकोस. इंग्रजीचं टेन्शन असणाऱ्यांसाठी: मिस युनिव्हर्सला सुद्धा दुभाषा घेता येतो, मराठीत नीट विचार करणारी मुलगी मोडक्या इंग्रजीत पाठ केलेलं म्हणणारीपेक्षा कधीही बरी. क्लासवाले मात्र इंट्रो सगळ्यांना एकाच साच्यातली लिहून देतात, सुरुवातीला नमस्ते आणि शेवटी कोणाचा तरी सुविचार. तो सुविचार काढून टाका, जजनी तो त्याच दिवशी दहाजणींकडून ऐकलेला असतो.

आता पॅकेज. डाएट चार्ट म्हणजे कुठूनतरी छापून आणलेला कागद, ब्रोकोली, किनोआ, अव्होकॅडो. आईने वाचला आणि विचारलं, अव्होकॅडो मिरकरवाड्यात, आमच्या मासळीच्या बंदरावर, मिळतो का. अहो इथे ताजा बांगडा आहे, नाचणी आहे, कुळीथ आहे, घरात जे शिजतं त्याच्यात कसं बसवायचं ते सांगा ना. उलट त्यात भात पूर्ण बंद लिहिलेलं, ते वाचून आमच्या बॅचमधली एक जण भात सोडून बसली आणि प्रॅक्टिसला चक्कर येऊन खाली बसली. आहारतज्ज्ञ कोण म्हणून विचारलं तर उत्तर नाही. एक स्टार इथेच गेला.

मेकअपवाली मुंबईहून येते, हात चांगला आहे तिचा, पण तिचा बेस एसीतला आहे. आमच्याकडे मे महिन्यात पंख्याखाली अर्ध्या तासात कपाळावरून ओघळ येतात आणि कर्ल केलेले केस दमट हवेत स्टेजवर जाईपर्यंत सरळ. गावात नवऱ्या नटवणाऱ्या पार्लरवाल्या ताईंना हे बरोबर माहीत असतं, कमी थर, मधेमधे टिपणं, केस बांधूनच ठेवणं. त्यांच्याकडे जा.

पोर्टफोलिओबद्दल तर बोलायलाच नको. भाट्याच्या बीचवर शूट, वारा इतका की प्रत्येक फोटोत केस तोंडावर आणि गाऊनच्या घेरात किलोभर वाळू. फोटो दिसायला झकास आले, डीपीला लावलेत. पण मोठ्या स्पर्धांचे फॉर्म भरताना जे मागतात ते वेगळंच असतं, साधे फोटो, मेकअप नाही, चेहऱ्याचा जवळून, पूर्ण उंचीचा. पांढऱ्या भिंतीपुढे दिवसाच्या उजेडात भावाने मोबाईलवर काढले तरी चालतात. हे क्लासने पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं.

भाड्याचे गाऊन ठिकठाक, बरेच ढगळ आणि पाठीमागे सेफ्टी पिनांची रांग. त्यापेक्षा ब्लाऊज शिवून घेता त्या टेलरकाकांकडे जा. 1994 च्या मिस इंडिया फायनलला सुष्मिता सेनने घातलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या परकर शिवणाऱ्या टेलरने शिवलेला आणि हातमोजे नव्या सॉक्सचे केलेले, हे तिने स्वतःच सांगितलंय. फक्त माप देताना स्पर्धेत घालायच्या त्याच हिल्स घालून उभ्या राहा, काकांना विचित्र वाटेल, वाटू दे. अस्तर सुती लावून घ्या, सॅटिन घामाने अंगाला चिकटतं.

राहिलेला अर्धा स्टार मोठी स्वप्नं विकण्याबद्दल. येणाऱ्या प्रत्येकीला मिस इंडिया मिस इंडिया. अलीकडच्या वर्षांत तिथली उंचीची अट 5 फूट 3 इंच राहिलीय, आणि 2017 पासून राज्याराज्यातून निवड होते, म्हणजे आपण आधी अख्ख्या महाराष्ट्राशी लढणार. पाच फुटाची मुलगी आली तर तिला पहिल्या दिवशी हे सांगा आणि तिला बसतील अशा दुसऱ्या स्पर्धा दाखवा, सहा महिन्यांची फी घेऊन झाल्यावर नको. वयाचं टेन्शन घेणाऱ्यांनो, मिस युनिव्हर्सने 2024 पासून वरची वयोमर्यादाच काढलीय, आणि लग्न झालेल्यांना त्याच्याही आधीपासून दार उघडलंय, त्यामुळे आत्ताच नाहीतर कधीच नाही असं कोणी घाबरवलं तर ऐकू नका. मिस इंडियाला मात्र वयाची अट आहे, चालू वर्षाचा फॉर्म स्वतः वाचा.

क्लासवाले ज्या लोकल स्पर्धांना पाठवतात त्यातही बघून घ्या. एंट्री फी किती, वर तिकिटं विकायला लावतात का, बक्षीस रोख आहे का नुसतं कूपन, आणि किती मुलींना टायटल देतात. मी उतरले तिथे बेस्ट स्माईल, बेस्ट हेअर, बेस्ट वॉक करत जवळपास सगळ्यांच्याच गळ्यात एकेक सॅश पडली. मला बेस्ट वॉक मिळालं, आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तर साधा कोर्स घ्या, मॅमचीच बॅच मागा, संध्याकाळची दुसरेच कोणीतरी घेतात. आणि गणपतीत नि शिमग्यात क्लास बंद असतो पण फी पूर्ण महिन्याची लावतात, ते दिवस पुढे जोडून मिळतील का हे पैसे भरायच्या आधीच लिहून घ्या.