डोळ्यांखालच्या फिलरचे ७७,४८० रुपये: पुरुषांनो, खुर्चीत आडवं होण्याआधी वाचा

संतापाने लिहितोय, पण आकडे सगळे पावत्यांवरून आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून घेतलेत. ‘फक्त पुरुषांसाठी अंडर-आय फिलर, ९,९९९ रुपये’ अशी जाहिरात मोबाइलवर येते. फिलर म्हणजे खळगा भरायला त्वचेखाली टोचायचं जेल. पुढचा प्रकार बहुतेकांना माहीत आहे: नंबर टाकला की लगेच फोन, ‘सर, ऑफर आजच्यापुरती आहे’, आणि क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर. म्हणून थेट हिशोबावर येतो.

तपासणी ५००. फिलरच्या १ एमएलच्या दोन सिरिंज, प्रत्येकी २८,५००, म्हणजे ५७,०००. ‘सोबत घ्यावंच लागतं’ म्हणून पीआरपीची (आपल्याच रक्तातून काढलेला अंश टोचतात, ती) तीन सेशन्स, १२,०००. झाले ६९,५००. त्यातले ९,५०० यूपीआयने आणि ६०,००० ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर, महिना ५,००० चे बारा हप्ते, वर १,१८० प्रोसेसिंग फी. पुढे हा फिलर दुसरीकडे औषधाने विरघळवून घ्यायला ६,०००, आणि त्या डॉक्टरांची फी ८००. एकूण ७७,४८०. मग ९,९९९ कसले? ती किंमत म्हणे ०.३ एमएलची होती, आणि ‘जेन्ट्सची हाडं मोठी, दोन एमएलच्या खाली फरकच दिसत नाही’.

हे धादांत खोटं आहे. डोळ्यांखालच्या खळग्यासाठी दोन्ही बाजू मिळून साधारण अर्धा ते एक एमएल लागतो. जाणता डॉक्टर त्याहूनही कमी घालतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघून गरज असली तरच वाढवतो. पुरुषाला थोडं जास्त लागू शकतं, हे खरं. पण या फिलरमध्ये सहसा असतं ते हायलुरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतं. एकाच बैठकीत इथे दोन एमएल घातलं तर सूज येते आणि ती सकाळी जास्त दिसते. शिवाय पुरुषाच्या गालाचं हाड सपाट-रुंद दिसायला हवं. तिथे भर जास्त झाली की चेहरा गुबगुबीत होतो. त्वचेच्या फार वरच्या थरात फिलर राहिला तर निळसर झाक येते. मला सूजही आली आणि निळी रेघही. ‘सेटल होईल सर, मसाज करू नका’ एवढंच उत्तर मिळत राहिलं.

सिरिंजचा भाव म्हणाल तर नावाजलेल्या कंपनीच्या १ एमएलला २८,५०० हा तेव्हा शहरातल्या दरांतलाच वाटला. म्हणूनच संशय आला नाही. फसवणूक भावात नव्हती, मालात होती आणि मुळात गरज नसताना तो विकण्यात होती.

गरज आहे की नाही, हे घरी बरंचसं कळतं. आरशासमोर खिडकीकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे उजेड समोरून पडेल. काळेपणा बराच कमी झाला तर ती खळग्याची सावली आहे, आणि फिलर फक्त सावलीवर चालतो. तसाच तपकिरी राहिला, त्वचा हलकेच ताणली तरी गेला नाही, तर तो रंग आहे. आपल्याकडच्या त्वचेत हेच फार असतं. ॲलर्जी, सतत डोळे चोळणं, आनुवंशिकता अशी त्याची कारणं. तिथे फिलर म्हणजे पैसे पाण्यात. फुगीर पिशव्या असतील तर ती पुढे आलेली चरबी आहे, आणि वर बघितल्यावर ती आणखी उठून दिसते. त्यावर उपाय खालच्या पापणीची शस्त्रक्रिया. फिलरने पिशवी अजून जड दिसते. गालाच्या हाडावर सकाळी सूज राहणाऱ्यांनीही याच्या वाटेला जाऊ नये. क्लिनिकमध्ये माझे फोटो डोक्यावरच्या दिव्याखाली काढले. त्या उजेडात कोणाच्याही डोळ्यांखाली खड्डा दिसेल! फोटो समोरच्या उजेडात काढायला लावा.

आता ती वेळ, जी अजून डोक्यातून जात नाही. फिलर कारखान्यात भरलेल्या सिरिंजमध्ये येतो. सीलबंद खोका, आत निर्जंतुक पाकीट, सिरिंजवर कंपनीचं नाव, आणि बऱ्याच कंपन्यांच्या खोक्यात लॉट नंबरची छोटी स्टिकर्स: एक केसपेपरवर, एक पेशंटच्या हातात. माझ्यासमोर आला तो स्टीलचा ट्रे आणि त्यात आधीच भरून ठेवलेल्या, केशरी टोपणाच्या दोन इन्शुलिन सिरिंज. खोका नाही, पाकीट नाही, स्टिकर नाही. विचारलं तर म्हणाले, ‘बारीक सुईसाठी आत काढून घेतो, सर.’ काही डॉक्टर खरंच तसं करतात, पण पेशंटसमोर सील फोडून. आत काढलेला माल अर्धा दुसऱ्याच्या चेहऱ्यात गेलाय की भलतंच काही भरलंय, ते कळायला मार्ग राहत नाही. ‘थांबा, खोका दाखवा’ एवढे तीन शब्द तेव्हा तोंडातून निघायला हवे होते. पण ६०,००० चं कर्ज मंजूर होऊन पैसे क्लिनिककडे गेलेले, चेहऱ्यावर बधिरतेचं क्रीम, डोळे मिटायला सांगितलेले आणि पांढऱ्या कोटातला माणूस सुई घेऊन उभा. अशा वेळी कोण भांडतं? त्यांनी सगळा क्रमच असा लावलाय की माणसाने भांडू नये.

पैसे आधी आणि डॉक्टर नंतर, असं असेल तिथून उठा. हप्त्याच्या ओटीपीला ‘ही फक्त पात्रता तपासणी’ म्हणतात. तो ओटीपी दिला की करार झाला. डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अटींचा खुलासा करणारं पत्रक द्यावं लागतं आणि सुरुवातीला कर्ज मोडायची मुदत असते. ती तारीख आधी शोधा.

बिलात ‘स्किन पॅकेज’ एवढंच लिहिलेलं. जीएसटी नाही, लॉट नंबर नाही, टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही. सौंदर्यासाठीच्या उपचारावर १८ टक्के जीएसटी लागतो; पक्कं बिल नसेल तर पुढे सगळे दरवाजे बंद होतात. माझे कसे झाले बघा. पोलीस चौकीत म्हणाले, ‘ही दिवाणी बाब आहे, आणि तुम्ही सहीने संमती दिलीय.’ तक्रार घ्या म्हटलं तर हवालदार हसून विचारतो, पुरुषमाणसाला हे कशाला हवं होतं? डॉक्टरांच्या नोंदणीचं बघणाऱ्या कार्यालयात म्हणाले, आधी डॉक्टरचं पूर्ण नाव आणि क्रमांक आणा, प्रतिज्ञापत्र करा. क्रमांकच लपवलाय, हीच तर तक्रार आहे! औषधं-उपकरणांच्या कार्यालयात म्हणाले, खोका किंवा लेबल आणा. फायनान्सवाल्यांनी सांगितलं, उपचाराचा वाद क्लिनिकशी मिटवा, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. प्रत्येक जण तोच कागद मागतो, जो द्यायचाच नाही असं क्लिनिकने पहिल्या दिवशीच ठरवलेलं. मग सामान्य माणसाने जायचं कुठे?

केसपेपरची प्रत लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. फिलर कोणता गेला, हे कळायलाच हवं, कारण विरघळवण्याचं औषध, हायलुरोनिडेज, फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिडवर चालतं. कॅल्शियमचा फिलर किंवा सिलिकॉन त्याने जात नाही. माझा गेला, इतकंच. ते औषध क्लिनिकमध्ये तयार आहे का, हे टोचून घेण्याआधी विचारा आणि त्याची व्हायल (कुपी) डोळ्यांनी बघा. टोचताना त्वचा एकदम पांढरी पडली, जाळीदार डाग उठले, असह्य कळ आली किंवा दिसायला अंधारलं, तर फिलर रक्तवाहिनीत गेलेला असू शकतो. ‘घरी जाऊन बर्फ लावा’ ऐकू नका. तिथेच उपचार सुरू करायला लावा, आणि नजर अंधारली असेल तर एक मिनिटही न दवडता डोळ्यांच्या इस्पितळात.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फायनान्स कंपनीने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, ती बदलतात. काउन्सेलरचे मेसेज पुसू नका. फोनवर बोललात तर लगेच तेच लेखी पाठवा.

वकिलाची नोटीस गेल्यावर मात्र मॅनेजरचा फोन आपोआप आला. १५,००० परत देतो, बदल्यात ‘कोणतीही तक्रार नाही’ या कागदावर सही करा आणि लिहिलेलं काढून टाका. सही केलेली नाही.