अलार्म लॉगसाठी विनेपी की मिनेपी?

अलार्म लॉगमधून एपिसोड, म्हणजे थोड्या वेळात जवळजवळ येणारे अलार्मचे गट, शोधायच्या या दोन पद्धती. दोन्ही हेलसिंकी विद्यापीठातले, विनेपी १९९५ चा आणि मिनेपी १९९६ चा, म्हणजे सख्खी भावंडंच, आणि दोघांसमोर तेव्हा टेलिकॉमचेच अलार्म होते, त्यामुळे कुठलाही घेतलात तरी अगदीच फसाल असं नाही.

पण विनेपीत विंडोची, म्हणजे लॉगवरून सरकणाऱ्या वेळेच्या चौकटीची, रुंदी आधी ठरवावी लागते आणि माझं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. पुण्यात जेसीबीने फायबर तोडली की लॉस ऑफ सिग्नल येतो आणि पुढच्या साईट्स (मोबाईल टॉवर) पटापट डाऊन, मिनिटाभरात खेळ खलास. तिकडे ताम्हिणीच्या बाजूला पावसात लाईट गेली की आधी मेन्स फेल, मग डीजी (डिझेल जनरेटर) स्टार्ट फेल, मग लो बॅटरी, मग साईट डाऊन, आणि हे सगळं व्हायला बॅटरी नवी असेल तर कित्येक तास, जुनी असेल तर चहा होईपर्यंत. आता यात विंडो किती ठेवणार? पाच मिनिटं ठेवली तर पॉवरची साखळी दिसतच नाही, चार तास ठेवली तर एखादी टॉगल होणारी (सारखी बंद-चालू) मायक्रोवेव्ह लिंक प्रत्येक विंडोत घुसते आणि तिचं सगळ्या अलार्मशी नातं जुळतं. मग रुंदी बदला, परत रन करा, परत बदला... वैताग नुसता.

त्यात विनेपी मोजतो विंडोज. एकेक सेकंदाने सरकणारी पाच मिनिटांची विंडो घेतली तर एकच अलार्म ३०० विंडोजमध्ये हजर. एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये) शिफ्टवाल्याला 'इतके टक्के विंडोज' सांगून बघा, तो विचारणार, "ते ठीके सर, पण झालं किती वेळा?"

मिनेपी एपिसोड नेमका कुठे सुरू झाला, कुठे संपला तेच लक्षात ठेवतो, म्हणून मोजणी कळते तरी. आणि नियमात दोन हद्दी देता येतात, म्हणजे मेन्स फेल आणि डीजी फेल दहा मिनिटांच्या आत आले तर पहिल्या अलार्मपासून तीन तासांत साईट डाऊन, असं. कमाल हद्द तेवढी आधी द्यायची, आतल्या वेगवेगळ्या वेळा एकाच रनमध्ये निघतात. हे तीन तासच कामाचे हो, पिरंगुटहून माणूस डिझेल घेऊन पोचेल की नाही ते त्यावरूनच ठरतं.

मेमरी मात्र खातो. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याच्या याद्या मूळ डेटापेक्षाही मोठ्या होऊ शकतात, तेव्हा जुन्या लॅपटॉपवर बसू नका. आणि तुमचं काम फक्त ट्रान्समिशनचं असेल, सगळं मिनिटभरात घडणारं, तर विनेपी खुशाल घ्या, उगाच माझं ऐकून बदलू नका.

दोन्हीपैकी काहीही घ्या पण नोड्सची घड्याळं जुळलीयेत का ते आधी बघा, नसतील तर सिरियल (अलार्मचा क्रम धरणाऱ्या) एपिसोडच्या नादी न लागता पॅरलल (क्रम न बघणारे) घ्या.