ओआरएसची पुडी: चव बेताची, काम चोख

जुलाबात गेलेलं पाणी भरून काढणारी ओआरएसची पुडी आणली, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) सूत्राची, साधी, वेगळा स्वाद न घातलेली. पाकीट हाताने सरळ फाटेल तर शपथ, कात्रीच लागते. पावसाळी हवेत आतल्या भुकटीचे खडे झालेले. चव खारट-गुळचट, आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच घोटाला तोंड फिरवलं.

पण मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हिला मान देणं भागच आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीला ठार मारत नाही. ते आत शिरून एका प्रथिनाची कळ 'चालू'वरच अडकवून ठेवतं. मग सीएएमपी (पेशीतला निरोप पोचवणारा रेणू) वाढतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि पाठोपाठ पाणी. हे विष असतं, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. गंमत म्हणजे ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट या गोंधळातही शाबूत राहते. पुडीतलं १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ तिथूनच शिरतं, सोबत पाणी ओढून नेतं.

अख्खी पुडी एक लिटर पाण्यातच घाला, पेल्यात नव्हे. दुकानात हिच्या शेजारी मांडलेले तयार पेयांचे रंगीत खोके मात्र नकोत. बहुतेकांत साखरच फार. पाचपैकी चार, एक गुण पाकिटापायी कापला.