मानेतल्या गाठीचा टीबी : पालिकेचं क्षयरोग केंद्र, ४ तारे

जाऊबाईंच्या मानेला गाठ, खोकल्याचं नाव नाही. टीबी डोक्यात येणार कसा? केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी आधी संधिवाताच्या गोळ्यांची पिशवी रिकामी करायला लावली. त्यात स्टेरॉइड निघालं. त्याने प्रतिकारशक्ती दबते आणि अंगात झोपलेले जंतू उठतात, म्हणाल्या. एचआयव्ही, मधुमेह, डायलिसिसवाल्यांनाही हा धोका जास्त. लगेच साखर आणि एचआयव्ही तपासले, गाठीतून सुईने नमुना घेऊन सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवला. स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही, हे मात्र दरडावूनच सांगितलं. ६ महिन्यांची औषधं फुकट, पोषणाचे महिना १००० रुपये खात्यात, तेही रखडत. एक तारा कापला तो बाकड्यांसाठी. आजारी माणसं जिन्यात बसतात हो!